रूळ कोणाच्या वाटेने गेले?

मूळची दक्षिण आफ्रिकेची बोअर जातीची शेळी १९९० च्या दशकात फलटणला पोचली. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती आणली, वाढवली आणि शेळीपालकांच्या दारापर्यंत नेली. त्याच फलटणला अवघ्या तीसएक किलोमीटरवरील लोणंदहून प्रवासी आगगाडी पोचायला मात्र २०१९ साल उजाडावे लागले. सातासमुद्रापलीकडची शेळी जवळची ठरली आणि शेजारचे रेल्वेस्थानक दूरचे ठरले!

या विसंगतीकडे विनोद म्हणून पाहता येईल. परंतु तिचे मूळ शोधू लागले की एका लाडक्या असत्याचा बुरखा फाटतो. ‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’ हे ते असत्य. दरवर्षी १६ एप्रिल जवळ आला की १८५३ सालच्या बोरीबंदर-ठाणे गाडीचे गोडवे गायले जातात. इंग्रज आले नसते तर भारत अजून बैलगाडीत बसला असता, असे सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. ज्यांना हे वाक्य पटते, त्यांनी एकदा आफ्रिका खंडाचा नकाशा समोर घ्यावा आणि त्याशेजारी सातारा-सांगलीचा नकाशा ठेवावा.

पाठ केलेला भूगोल

शाळेत आफ्रिका शिकवली जाते ती याद्यांच्या रूपाने. घानाचा कोको, केनियाचा चहा, झांबियाचे तांबे, काँगोचे कोबाल्ट, मॉरिटानियाचे लोहखनिज. राजधानी कोणती, चलन कोणते, बंदर कोणते? उत्तरे पाठ होतात, गुण मिळतात आणि ५४ देशांचा हा विशाल खंड विद्यार्थ्याच्या मनात ‘मागासलेला’ या एका शब्दात बंद होतो. तो मागे का राहिला, हा प्रश्न त्या याद्यांत नसतो.

निसर्गाने काही अडचणी निर्माण केल्या हे खरे. आफ्रिका हे बहुतांशी पठार आहे. किनारा सरळसोट असल्याने नैसर्गिक बंदरे थोडी. काँगोसारखी प्रचंड नदी समुद्राजवळ येताच धबधब्यांवरून कोसळते, त्यामुळे जहाज आत शिरू शकत नाही. १६ देशांना समुद्रच नाही. परंतु हे १६ देश भूमिबद्ध झाले ते काही भूकंपाने नव्हे. १८८४-८५ मध्ये बर्लिन येथे युरोपीय सत्तांची परिषद बसली आणि या खंडाच्या वाटणीचे नियम ठरले. त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्यानंतर ज्या रेषा ओढल्या गेल्या, त्यांनी एकेका जमातीची दोन-तीन देशांत फाळणी केली.

मग त्या रेषांच्या आत रूळ पडले. त्यांची दिशा पाहावी. काँगोत मटाडी बंदरापासून धबधबे टाळून जाणारा मार्ग १८९८ मध्ये पूर्ण झाला, तो अंतर्भागातील रबर आणि हस्तिदंत बाहेर काढण्यासाठी. अंगोलातील लोबिटो बंदरापासून निघालेला बेंग्वेला मार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला, तो कटांगाच्या तांब्यासाठी. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात उभी राहिली. तिच्यासाठी भारतातून सुमारे ३२ हजार मजूर नेण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजार परतलेच नाहीत. रूळ कोणाचे आणि हाडे कोणाची, हा हिशेब ‘इंग्रजांची देणगी’ म्हणणाऱ्यांच्या वहीत आढळत नाही.

या मार्गांचे चित्र बहुतेक ठिकाणी एकच आहे. एक टोक खाणीत किंवा मळ्यात, दुसरे टोक बंदरात. दोन शेजारी देशांना जोडणारे रूळ विरळाच. रुंदीही एक नाही. दक्षिणेत साडेतीन फूट, पूर्वेत एक मीटर, उत्तरेत युरोपीय मापाची. सिएरा लिओनमध्ये तर अडीच फुटी खेळण्यातली गाडी होती, ती १९७४ मध्ये बंद पडली. परिणामी आजही आफ्रिकी देशांचा आपसातील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सहाव्या भागाच्या आसपास घुटमळतो. युरोपात हेच प्रमाण निम्म्याहून कितीतरी अधिक आहे. शेजाऱ्याकडे जायला वाट नाही आणि साहेबाकडे जायला मात्र लोखंडी वाट आहे, अशा घराची भरभराट व्हावी कशी?

तोच हात, तीच रेघ

आता दुसरा नकाशा. भारतात रेल्वे बांधणाऱ्या विलायती कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती. नफा झाला नाही तर ती रक्कम भारतीय रयतेच्या करातून भरली जाई. धोका रयतेचा, नफा लंडनच्या भागधारकाचा! दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी हे आर्थिक शोषण आकड्यांनिशी मांडले. रेल्वेवर उधळलेला पैसा पाटबंधाऱ्यांवर खर्च झाला असता तर दुष्काळ इतके जीवघेणे ठरले नसते, हा दत्त यांचा आक्षेप होता. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत होते. त्याच वर्षांत या देशातून धान्य परदेशी जातच होते आणि ते बंदरापर्यंत नेण्याचे काम हीच ‘देणगी’ करीत होती.

विदर्भात १८७० मध्ये खामगावला फाटा गेला तो कापसासाठी. यवतमाळची ‘शकुंतला’ मुर्तिजापूरला येऊन मिळाली तीही कापसासाठी. आणि फलटण? १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज वाट फलटण तालुक्याच्या पश्चिम टोकावरून, आदर्कीच्या घाटातून निघून गेली. महाबळेश्वरची थंड हवा खायला निघालेले साहेब पुढे वाठारला उतरत. फलटण शहर बाजूलाच राहिले. साहेबाला तेथे काही काम नव्हते.

पंढरपूरची कथा आणखी बोलकी आहे. श्री ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते या वाटेने शतकानुशतके चालते. पंढरीला रूळ पोचले ते १९०६ मध्ये, परंतु कुर्डुवाडीच्या बाजूने. बार्शी लाइट रेल्वे ही खाजगी विलायती कंपनी होती. तिने यात्रेकरूंच्या तिकिटांतून पैसा कमावला, मात्र वारीची मूळ वाट रुळांविना राहिली. या कंपनीच्या रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे थेट सिएरा लिओनचीच! मिरज जंक्शनवर तर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशी तिन्ही मापे नांदत होती. एका मापाच्या वाघिणीतून दुसऱ्या मापाच्या वाघिणीत पोती चढवताना हमालांच्या पिढ्या झिजल्या. आफ्रिकेत जे खंडभर घडले, ते मिरजेच्या फलाटांवर उभे राहून पाहता येत होते.

रेल्वेचा भारतीयांना उपयोगच झाला नाही, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. लोकांनी ती वापरली, तिच्यातून राष्ट्रजागृती देशभर नेली. परंतु चोराने घर लुटण्यासाठी लावलेली शिडी पुढे घरमालकाच्या कामी आली, म्हणून चोराचा सत्कार करायचा नसतो.

‘इंग्रज नसते तर रेल्वे आलीच नसती’ हा शेवटचा युक्तिवादही टिकत नाही. जपानमध्ये पहिली आगगाडी १८७२ मध्ये धावली. तंत्रज्ञ इंग्रज होते, कर्जही लंडनचे होते, पण राज्य जपानचे होते. त्यामुळे रूळ कोठून कोठे न्यायचे हे जपान्यांनी ठरवले आणि काही दशकांतच ते स्वतःची इंजिने बनवू लागले. भारतात अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये इंजिन तयार झाले होते. तरीही विलायती कारखान्यांचे हित आड आले आणि चित्तरंजनचा कारखाना उभा राहायला १९५० साल यावे लागले. जपान दूरचा वाटत असेल त्यांनी कोल्हापूर पाहावे. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली, ती संस्थानच्या पैशाने. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापुरी गुळाला देशाची बाजारपेठ मिळाली. तंत्रज्ञान विकत मिळते. त्याची दिशा ठरवण्याचा अधिकार मात्र स्वराज्यातच मिळतो.

साहेब गेला, रेघ राहिली

येथवरचा दोष परकीयांचा. पुढचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. १९४८ मध्ये फलटण संस्थान विलीन झाले. त्यानंतर दिशा ठरवण्याचा अधिकार आपल्याच हाती होता.

फलटण काही वाळवंट नव्हते. महाबळेश्वरला पावसाचा मारा आणि त्याच जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यातील फलटण पर्जन्यछायेत, हे खरे. परंतु १९२८ मध्ये भाटघरचे धरण झाले, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आले आणि माळरानावर ऊस उभा राहिला. साखरवाडीचा खाजगी कारखाना आला, श्रीराम सहकारी साखर कारखाना आला, दूधधंदा आला, अलीकडे कमिन्ससारखा इंजिन उद्योगही आला. ऊस, साखर, दूध, डाळिंब, इंजिने; आणि लगत लोणंदची कांद्याची बाजारपेठ. मालाला तोटा नव्हता, वाटेला होता. सारा भार डांबरी रस्त्यावर, म्हणजेच डिझेलवर आणि ट्रकच्या भाड्यावर पडला. तो भरला शेतकऱ्याने.

ज्या सातारा-सांगली पट्ट्याने राज्याला यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील असे मुख्यमंत्री दिले, ज्या यशवंतरावांनी पुढे केंद्रात संरक्षण, गृह आणि अर्थ ही खाती सांभाळली, त्याच पट्ट्यात ही वाट अर्धशतक कागदावर येऊ शकली नाही. पुणे-मिरज मार्ग १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रॉडगेज झाला, तरी फलटणकडे वळला नाही. लोणंद-बारामती मार्गाला मंजुरी मिळाली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस. त्यातला लोणंद-फलटण हा तुकडा २०१९ मध्ये वाहता झाला आणि मार्च २०२१ मध्ये फलटणहून पुण्याला गाडी निघाली. कारखाने आणि पतपेढ्या काढणाऱ्यांना, निवडणुका जिंकणाऱ्यांना तीस किलोमीटर रूळ का टाकता आले नाहीत? उत्तर कटू आहे. जनता ज्याच्या त्याच्या कारखान्यापुरती बांधलेली राहिली तर मतपेढी सुरक्षित राहते. मोकळ्या वाटेने माल आणि माणूस दोन्ही मोकळे होतात.

इच्छाशक्ती असली की काय घडते, हे कोकण रेल्वेने दाखवले. सह्याद्रीच्या कुशीत ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली ७०० किलोमीटरहून लांब मार्ग १९९० नंतर हाती घेतला गेला आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण झाला. त्यात सामान्य माणसांनी रोख्यांच्या रूपाने पैसा घातला. ज्या देशाला हे साधते, त्याला फलटण-पंढरपूर हा सुमारे १०५ किलोमीटरचा सपाटीचा मार्ग अवघड नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पालखी महामार्गाची पायाभरणी झाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु रस्ता हे रुळांचे उत्तर नव्हे. बारामतीचा दुवाही अजून जुळायचा आहे. सत्ता मित्रांची आहे म्हणून प्रश्न गिळावा, ही कार्यकर्त्याची रीत नव्हे.

नवा साहेब

आफ्रिकेकडे पुन्हा एकदा वळले पाहिजे, कारण तेथे इतिहास वेष बदलून आला आहे. मे २०१७ मध्ये मोंबासा-नैरोबी हा नवा मार्ग मोठ्या थाटात सुरू झाला. पैसा मुख्यतः चीनच्या एक्झिम बँकेचा, कंत्राटदार चिनी, डबे-इंजिने चिनी. तो युगांडाच्या सीमेपर्यंत जायचा होता. २०१९ मध्ये नैवाशापर्यंत येऊन निधीअभावी वर्षानुवर्षे अडकून पडला. कर्जाचे हप्ते मात्र अडकले नाहीत. याच चीनने १९७० च्या दशकात टांझानिया-झांबियाचा १,८६० किलोमीटरचा मार्ग बांधून मैत्रीची ग्वाही दिली होती. त्या मैत्रीची जागा आता सावकारीने घेतली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत भारताच्या अध्यक्षतेखाली आफ्रिकी संघाला ‘जी-२०’ चे स्थायी सदस्यत्व मिळाले. एकाच रेघेने दुखावलेल्या दोन समाजांचे नाते सावकार-कुळाचे नसावे, बरोबरीचे असावे, हा त्याचा अर्थ आहे.

दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या सोयीने आखलेली वाट दुसऱ्याच्याच दारात नेऊन सोडते. हा धडा आफ्रिकेने भोगून दिला आहे. म्हणून मुलांना भूगोल शिकवताना घरच्या मोठ्यांनी यादी बाजूला ठेवावी. नकाशावर बोट ठेवून विचारावे, हा रूळ कोणी टाकला, कोणाच्या पैशाने, आणि त्यावरून कोणाचा माल गेला? मग तेच बोट आपल्या तालुक्यावर आणावे. ज्या दिवशी माउलींच्या वाटेवरचा वारकरी आणि नीरा खोऱ्यातला शेतकरी एकाच गाडीने फलटणहून थेट पंढरीला उतरेल, त्या दिवशी इंग्रजाने ओढलेली एक रेघ खऱ्या अर्थाने पुसली जाईल. तोवर १६ एप्रिलचे गोडवे थोडे आवरते घ्यावेत.