न काढलेले दिवे

दिवाळी अंकात काळोखाची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. गोष्ट दिव्यांचीच आहे. फक्त ते दिवे परदेशातल्या रस्त्यांवरचे, आणि चित्रकाराने मुळी काढलेलेच नाहीत!

ताविक फ्रान्टिशेक शिमोन हा चेक छापचित्रकार १८७७ साली जन्मला. १९०४ ते १९१४ ही वर्षं त्याने पॅरिसमध्ये काढली, १९२६-२७ मध्ये जगाची फेरी केली, आणि जाईल तिथले रस्ते, पूल, बाजार टिपले. १९४२ साली तो वारला. गोंदियाशेजारच्या आमच्या मुर्रीत बसून मी त्याची चित्रं पाहतो ती पुस्तकातून. ओलसर रस्ता, कोट लपेटून घराकडे निघालेली माणसं, धुक्यात मिणमिणणारे दिवे. चेहरा एकाचाही ओळखू येत नाही, पण घरी जायची घाई ओळखू येते.

ही रात्र छापतात कशी, ते मात्र ऐकाच. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड भुरभुरायची आणि पत्रा तापवून ती चिकटवायची. जिथे दिवा हवा, तेवढ्या जागेवर आधी रोगण लावायचं. मग पत्रा तेजाबात. राळेच्या कणांमधून तेजाब तांबं खात जातं; थोडा वेळ ठेवलं तर तिन्हीसांज, फार वेळ ठेवलं तर मध्यरात्र. पत्रा धुऊन त्यावर शाई चोळायची, वरवरची पुसून घ्यायची, आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. काळोख शाईचा, दिवा म्हणजे नुसता कोरा कागद!

तुम्ही म्हणाल, छापील चित्र म्हणजे नक्कलच की. रविवर्म्याच्या छापखान्याने आपल्याला ती सवय लावली. तिथे आधी तैलचित्र, मग त्याच्या प्रती. इथे छापाच्या पाठीमागे दुसरं चित्रच नसतं. पत्र्यावरून निघालेला प्रत्येक छाप अस्सल. म्हणूनच बेताच्या मिळकतीच्या घरातही तो भिंतीवर लागू शकतो, हे मला फार आवडतं.

एवढं वाचल्यावर मला राहवेना. गेल्या लक्ष्मीपूजनाला अंगणातला मोठा दिवा आणि विजेच्या माळा मी बंद केल्या, आणि पायरीवर एकच पणती ठेवली. पायरी, तुळस, चपलांचा जोड, सगळं निराळंच दिसू लागलं. मुलंसुद्धा दोन मिनिटं गप्प बसली.

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी हाक मारली, "अहो, तुमच्याकडचीच वीज गेली का?"