बशीतलं बिस्किट

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आठवड्यात पाण्याच्या टँकरवरून भांडण झालं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची सोमवारी नोकरीसाठी मुलाखत होती आणि त्याला सल्ला देण्यात सगळे गुंतले होते. आलेला फॉरवर्ड वाचल्याशिवाय पुसायचा नाही, ही सदरकाराची खोड वाचकांना ठाऊक आहेच. त्याने सगळे वाचले. खोल श्वास घ्या. हसतमुख राहा. नजरेला नजर द्या, पण टक लावू नका. आणि आत जाण्याआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती पुढे काढून उभे राहा.

या शेवटच्या सल्ल्याची कुळकथा गमतीची आहे. असं रुबाबात उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकंसुद्धा बदलतात, असा निष्कर्ष डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप यांनी २०१० साली मांडला. कडींच्या २०१२च्या टेड भाषणाने तो जगभर पोचवला. इतरांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा संप्रेरकं काही बधली नाहीत. २०१६ मध्ये खुद्द कार्नींनीच जाहीर केलं की, या परिणामावर आपला आता विश्वास नाही. संशोधक उठून गेल्या; सल्ला अजून कमरेवर हात ठेवून उभाच आहे.

सदरकाराची तक्रार मात्र वेगळी आहे. सगळं शहाणपण टेबलाच्या अलीकडच्या एकट्या जिवाला शिकवायचं आणि पलीकडच्या तिघाचौघांना कुणी काहीच सांगायचं नाही, हा कुठला न्याय?

जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना धडधाकट माणसाला प्रयोगशाळेत हमखास ताण आणायचा होता. त्यांनी साप आणला नाही की विजेचा झटका दिला नाही. त्यांनी नोकरीची मुलाखत मांडली! १९९३ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी आजही जगभर वापरतात. समोर कॅमेरा आणि परीक्षक. या नोकरीला आपणच कसे योग्य, यावर पाच मिनिटं बोलायचं. मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांना पढवलेलं असतं की मान डोलवायची नाही, हसायचं नाही. बोलणारा मध्येच थांबला तर ‘तुमचा वेळ अजून शिल्लक आहे’ एवढंच म्हणायचं. लाळेतलं कॉर्टिसॉल दुपटीपासून चौपटीपर्यंत चढलेलं आढळलं. आपल्याकडच्या कित्येक पॅनेलांना हे कसब कुणी न शिकवताच येतं.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतल्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. कारण भ्रष्टाचाराचं होतं, धडधडीचं नव्हे. पण धडधडही आपोआप वाचली. वरच्या पदांना ती आहेच. यूपीएससीच्या २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे असतात आणि तेवढ्यासाठी पुण्याच्या पेठांमधून अभिरूप मुलाखतींचा हंगाम रंगतो. त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. मनातल्या मनात घोटलेलं उत्तर आणि अनोळखी माणसासमोर मोठ्याने दिलेलं उत्तर यांत फार अंतर असतं.

घरच्यांचा निरोप हा आणखी एक ताप. हातावर दही-साखर पडते आणि सगळे एकसुरात म्हणतात, ‘अजिबात घाबरू नकोस हां!’ हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की, भाषणाआधी स्वतःला ‘शांत हो’ बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणारे सरस ठरतात. छाती धडधडायची ती धडधडणारच. तिला दटावण्यापेक्षा कामाला जुंपावी. पण दारात उभ्या आईला हे कोण सांगणार?

या सगळ्यात सर्वांत बिकट प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलेलं दिसत नाही. पॅनेलने चहा-बिस्किट पुढे केलं तर घ्यायचं का? या बाबतीत उमेदवारांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, नम्रपणे नाही म्हणा. दुसरा म्हणतो, नाही म्हटलंत तर बुजरे ठराल. खारीला मात्र दोन्ही पंथांचा विरोध आहे, कारण तिचा चुरा उसन्या ब्लेझरवर फार उठून दिसतो.

सदरकाराची भाची दुसऱ्या पंथाची. एका खासगी कंपनीत ‘घ्या ना’ म्हणताच तिने नानकटाई उचलली आणि तोंडात टाकली, तोच प्रश्न आला, ‘तुमच्या उणिवा कोणत्या?’ आधीच घशाला कोरड, त्यात नानकटाई. तिने हात वर करून थांबायची खूण केली, कसाबसा घास गिळला आणि म्हणाली, ‘ही पहिली.’ पॅनेल हसलं. एकाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पुढची वीस मिनिटं ती चक्क गप्पा मारत होती.

सकाळी फिरायला येणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी उभी हयात भरतीच्या पॅनेलवर काढली आहे. सदरकाराने त्यांच्यापुढे बिस्किटाचा प्रश्न ठेवला. ते आधी दुसरंच सांगू लागले. कागदावर काहीही लिहिलेलं असो, ते पहिल्यांदा विचारायचे, ‘कुठून आलात? घरून किती वाजता निघालात?’ एसटी, बदललेली लोकल, रिक्षावाल्याने घातलेला फेरा हे सांगता सांगता समोरच्याचा आवाज मोकळा व्हायचा, मग खरी मुलाखत.

‘आणि बिस्किट?’ सदरकाराने विचारलं.

‘ते आमच्यासाठी असायचं हो,’ ते म्हणाले. ‘दुपारपर्यंत भुकेने जीव जायचा. उमेदवाराने उचललं की आम्ही मनातल्या मनात उरलेली मोजायचो.’