गव्हाच्या शेतातील वाट

युरोपच्या प्रवासाहून परतलेल्या मनुष्याने तेथील प्रार्थनामंदिरांचे कळस, चित्रशाळा आणि नदीकाठची रोषणाई यांचे वर्णन करावे, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. परंतु त्या सर्व वैभवापेक्षा माझ्या स्मरणात अधिक दृढ राहिली आहे ती इंग्लंडातील कॉट्सवोल्ड प्रांतात, कापणीला आलेल्या गव्हातून जेमतेम एका माणसाने चालावे एवढ्या रुंदीने आरपार गेलेली एक पायवाट. कुंपण ओलांडण्यासाठी लाकडी पायरी होती, खांबावर पिवळा बाण होता. तरीही परक्याच्या उभ्या पिकात शिरू नये या बालपणीच्या संस्कारामुळे मी थबकलो, आणि मागून आलेल्या एक वृद्ध बाई कुत्र्याला घेऊन, मालक कोठे दिसतो का हे न पाहता, निःशंकपणे त्या वाटेने निघून गेल्या.

त्यांच्या त्या निःशंकतेच्या पाठीशी कायदा उभा आहे. जमीन शेतकऱ्याची, पीक शेतकऱ्याचे, परंतु वहिवाट सर्वांची, हे तत्त्व तेथे इतक्या बारकाईने पाळले जाते की, पेरणीसाठी वाट नांगरली तर 14 दिवसांच्या आत ती पूर्ववत करून किमान एक मीटर रुंद ठेवण्याची जबाबदारी शेतकऱ्यावरच असते. 1949च्या कायद्यान्वये प्रत्येक परगण्याने अशा वाटांचे नकाशे सिद्ध केले. आणि पुढे 1968च्या कायद्याने, पक्क्या सडकेपासून वाट जेथे फुटते तेथे दिशादर्शक खांब उभारण्याचे कर्तव्यही स्थानिक प्रशासनावर टाकले.

हे सारे त्या लोकांच्या अंगभूत सौजन्याचे फळ आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. डर्बीशायरमधील किंडर स्काउट हा उंच माळ एके काळी उमरावांच्या पक्षिशिकारीसाठी राखलेला होता; 24 एप्रिल 1932 रोजी सुमारे चारशे माणसे, बहुतेक मँचेस्टर भागातील तरुण कामगार, रखवालदारांना न जुमानता त्यावर चढून गेली आणि झालेल्या झटापटीपायी त्यांच्यातील पाच जणांना कारावास भोगावा लागला. त्या माळाचे मालक असलेल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या नातवाने, जो तोवर स्वतः ड्यूक झाला होता, या घटनेबद्दल जाहीर क्षमा मागितली ती 2002 साली, म्हणजे सत्तर वर्षांनी.

अन्यत्र हाच हक्क निराळ्या मार्गांनी आला. व्हिएन्नातील प्राटर हे राजघराण्याचे मृगयावन सम्राट दुसऱ्या योझेफने 1766मध्ये रयतेला खुले केले. बव्हेरियाच्या 1946च्या राज्यघटनेने रानातील फळे वेचण्याचा अधिकारही नागरिकांना दिला. आणि स्वित्झर्लंडच्या मतदारांनी 1979 साली पायवाटांना थेट संविधानात स्थान दिले. तेथील पिवळ्या पाट्यांवर अंतर नव्हे, तर चालण्यास लागणारा वेळ लिहिलेला असतो. पाटी लिहिणाऱ्याने वाहनाचा नव्हे, चालणाऱ्याचा विचार केला, हे त्यातून उमगते.

आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान, तेथे वाटेला जागा कोठून द्यावी, हा आक्षेप खोटा नाही. पण तुकडे लहान झाले म्हणूनच वाटेची निकड वाढते, कारण मधल्या शेतकऱ्याने पाणंद नांगरून घेतली की पलीकडच्याचा तोडलेला ऊस फडातच वाळतो. कायद्याची उणीव म्हणावी तर 1906चा मामलेदार न्यायालय अधिनियम वहिवाटीतील अडथळा दूर करण्याचा अधिकार देतो, आणि जमीन महसूल संहितेचे कलम 143 बांधावरून जाण्याच्या हक्काची चौकशी तहसीलदाराकडे सोपवते. जुन्या गावनकाशांवर पाणंदी आहेत, दप्तरात हुकूम आहेत. नाही तो शिवारातील खांब. अर्ज, तारीख, पंचनामा आणि अपील यांत दोन हंगाम घालवून मिळालेली वाट तिसऱ्या हंगामात पुन्हा नांगराखाली जाते, कारण ती सार्वजनिक असल्याची खूण जमिनीवर कोठेच नसते.

म्हणून माझे मागणे लहान आहे. मोजणी होऊन मोकळ्या झालेल्या प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी सरकारने एक दगड रोवावा, त्यावर बाण कोरावा आणि वाट कोणत्या गट क्रमांकापर्यंत जाते ते लिहावे. भावकीतील वैराने ज्याची वाट अडली आहे, त्याला मग शेजाऱ्याची मनधरणी करावी लागणार नाही. त्या दगडाकडे बोट दाखवले की पुरे.