तबेल्यातला सिंह

परवा जेवताना धाकट्यानं विचारलं, "अम्मी, त्या वानराला राज्यच करायचं होतं, तर त्यानं खोटा सिंह लपवून का ठेवला? दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर उभा केला असता, तर सगळे जास्त घाबरले असते ना!"

तो सध्या सी. एस. लुईस यांचं 'द लास्ट बॅटल' वाचतोय. नार्निया मालेतलं हे शेवटचं पुस्तक १९५६ साली आलं. त्यात शिफ्ट नावाचं लबाड वानर पझल या भोळ्या गाढवाला सिंहाचं कातडं पांघरायला लावतं आणि 'हाच अस्लान' असं सगळ्यांना सांगतं. अस्लान हा तुर्की शब्द, अर्थ सिंह. गोष्टीत तो ईश्वराच्या जागी आहे. अल्लाहला रूप नाही, हे आपल्या मुलांना ठाऊक असतं. तरी मी ते पुन्हा सांगितलं. त्या गाढवाला तबेल्यात कोंडून ठेवतात आणि रात्री शेकोटीच्या उजेडात घटकाभर दाखवतात.

मी म्हटलं, "उजेडात आणलं तर गाढव ओळखू येईल की!"

पण खरं कारण दुसरंच आहे. सिंह आत असला की त्याचा हुकूम सांगणारा एकटा शिफ्टच उरतो. सुरुवातीला त्याला केळी, संत्री एवढंच हवं असतं. पुढे तो बोलणाऱ्या प्राण्यांना कॅलोरमेन देशात मजुरीला पाठवायचा सौदा करतो. शत्रू उघड चालून आला असता तर ते लढले असते. हुकूम अस्लानचा म्हटल्यावर रडतकुढत ऐकून घेतात. तेव्हा शिफ्टचा हिशेब पटण्यासारखा आहे.

कॅलोरमेनच्या लोकांना लेखकानं पगड्या, दाढ्या, वाकड्या तलवारी दिल्या आणि बहुतेकांना दुष्ट ठरवलं. हे खटकतं, मुलांशी त्यावर बोलायलाच हवं. पण त्यांच्यातलाच एमेथ हा तरुण, आपला देव आत आहे म्हणतात तर मला पाहायचंच आहे, असा हट्ट धरून तबेल्यात शिरतो. असं विचारणारा भेटेपर्यंतच लपवाछपवी चालते.

खरं नुकसान मात्र पुढे होतं. गाढव उघडं पडल्यावर बुटके खऱ्या अस्लानकडे वळत नाहीत. एकदा फसलो, आता कुणावरच विश्वास नाही, म्हणून पाठ फिरवतात.

हे सांगता सांगता मीच थबकले. 'दूध संपव, नाहीतर अल्लाह नाराज होईल.' 'पाहुण्यांमध्ये बोलू नकोस, गुनाह लागेल.' किती वेळा म्हटलंय मी! ग्लास रिकामा मला हवा होता, शांतताही मलाच हवी होती. हुकूम माझा, नाव त्याचं. उद्या मोठा झाल्यावर ही आईची सोय होती हे त्याला कळेल. तेव्हा नमाजबद्दलचं माझं सांगणंही त्यानं त्यातच जमा केलं तर?

त्या रात्री मी एवढंच म्हटलं, "दूध पी बाळा. मला ग्लास विसळून झोपायचंय."

तो हसला आणि एका दमात प्यायला.