फोर्कलिफ्ट अपघातातील कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
१. मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
२. मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य
३. मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय
४. मा. प्रादेशिक संचालक, कर्मचारी राज्य विमा महामंडळ

विषय : फोर्कलिफ्ट अपघातात जखमी झालेल्या कामगारांना कायद्याने मिळणारी भरपाई ठरलेल्या मुदतीत मिळण्याबाबत.

महोदय,

भिवंडीची गोदामे, चाकण व तळोज्याचे कारखाने आणि न्हावा शेवा परिसरातील कंटेनर यार्ड यांतला माल फोर्कलिफ्टवर हलतो. आमची संघटना ही फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या, तिच्या पुढेमागे काम करणाऱ्या आणि तिने आणलेला माल उतरवून घेणाऱ्या कामगारांची आहे. त्यांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन चार टनांच्या घरात असते. ती मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. समोर भरलेला पॅलेट असला की चालकाला पुढचे दिसत नाही. पाय चाकाखाली जाणे, रॅक आणि यंत्र यांच्यात माणूस चेपला जाणे, उतारावर यंत्र कलंडणे, वरचा माल अंगावर येणे, हे अपघात कसे होतात ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून त्यांना दैवयोग म्हणणे आम्हाला मान्य नाही.

जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा या देशात १९२३ पासून आहे. आमची तक्रार कायदा नसल्याची नाही. अपघात कुठे झाला, मालक कोण, पगार किती, हजेरी होती की नाही, हे सगळे कागद मालकाच्या कपाटात असतात आणि ते सिद्ध करण्याचे ओझे मात्र प्लास्टर घातलेल्या माणसावर पडते. हे ओझे ज्याच्याकडे कागद आहेत त्याच्याकडे जावे, हे पुढील सर्व मागण्यांचे सूत्र आहे.

मागणी १ : अपघाताची नोंद आणि पुरावा

कारखाना कायदा, १९४८ च्या कलम ८८ नुसार, अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर त्याची सूचना देणे बंधनकारक होते. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही अपघात कळवण्याचे कर्तव्य कायम आहे. प्रत्यक्षात जखमीला खासगी दवाखान्यात नेले जाते आणि केसपेपरवर ‘घरी पडला’ असे लिहिले जाते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते.

आमची मागणी : अपघाताच्या सूचनेची प्रत त्याच दिवशी जखमीला किंवा त्याच्या कुटुंबाला द्यावी. निरीक्षक येईपर्यंत यंत्र हलवू नये. बचावासाठी हलवावेच लागले तर आधी फोटो काढावेत. सीसीटीव्ही चित्रण, त्या पाळीची हजेरी, यंत्राच्या देखभालीची वही आणि चालकाचे प्रशिक्षणपत्र दावा निकाली निघेपर्यंत जपून ठेवावे. हे न जपणाऱ्या मालकाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढावे, अशी मागणी निरीक्षकाने आपल्या अहवालात नोंदवावी.

मागणी २ : ठेकेदार की मूळ मालक

गोदाम एकाचे, माल दुसऱ्याचा, फोर्कलिफ्ट भाड्याने तिसऱ्याची आणि कामगार चौथ्या ठेकेदाराचा, ही आमच्या क्षेत्रातली नेहमीची रचना आहे. अपघातानंतर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. १९२३ च्या कायद्याचे कलम १२ याबाबत स्पष्ट आहे. मूळ मालकाच्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत चालत असेल, तर कामगार थेट मूळ मालकाकडून भरपाई घेऊ शकतो. मूळ मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

आमची मागणी : अपघात ज्या आवारात झाला त्या आवाराच्या मूळ मालकाने पहिली रक्कम भरावी, असे परिपत्रक कामगार आयुक्तांनी काढावे. नवी संहिता प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्यास सांगते. ज्याला ते दिलेले नाही, त्याचा गेटपास, हजेरीचा फोटो किंवा बँकेत जमा झालेला पगार हा नोकरीचा पुरावा म्हणून स्वीकारावा.

मागणी ३ : ईएसआयचे संरक्षण पहिल्या दिवसापासून

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार कर्मचारी राज्य विम्याखाली (ईएसआय) येतो. कामावरील दुखापतीसाठी वर्गणीचा किमान काळ पूर्ण करण्याची अट नाही; कामावर लागल्याच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी दैनंदिन वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. पण अनेक ठेकेदार नव्या कामगाराची नोंदणी महिनाभर लांबवतात आणि अपघात झाला की मागच्या तारखेने ती करू पाहतात.

आमची मागणी : नोंदणी नसलेला कामगार जखमी झाल्यास महामंडळाने त्याला लाभ आधी द्यावा आणि वसुली मालकाकडून करावी. अपघात अहवाल मालकाने दिला नाही, तर कामगाराने किंवा संघटनेने दिलेली सूचना शाखा कार्यालयाने पोच देऊन स्वीकारावी. लाभ सुरू असताना कामगाराला काढून टाकण्यास कायद्याने मनाई आहे. या मनाईचा भंग झाल्यास महामंडळाने स्वतःहून कारवाई करावी.

मागणी ४ : कोणता मार्ग खुला आहे हे लेखी कळावे

जखमी कामगारासमोर एकाहून अधिक मार्ग असतात आणि एक निवडल्यावर दुसरा बंद होऊ शकतो. ईएसआयखालील कामगाराला त्याच दुखापतीसाठी १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही. ईएसआयबाहेरच्या कामगाराचा मार्ग नुकसानभरपाई आयुक्तांकडे जातो. फोर्कलिफ्ट गेटबाहेर सार्वजनिक रस्त्यावर असताना अपघात झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्गही तपासावा लागतो. मात्र तिथे आणि आयुक्तांकडे, दोन्हीकडे भरपाई घेता येत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणाकडील अर्जासाठी ६ महिन्यांची मुदत घातली आहे. आयुक्तांकडील दाव्याची १९२३ च्या कायद्यातली मुदत २ वर्षांची आहे.

कामगाराला त्याचे हक्क समजेल अशा भाषेत लेखी कळवण्याचे कर्तव्य २०१७ पासून १९२३ च्या कायद्याच्या कलम १७-अ ने मालकावर टाकले आहे. आमच्या सभासदांना असे पत्र मिळत नाही.

आमची मागणी : शासनाने मराठी व हिंदीत एक पानाचा नमुना तयार करावा. त्यात मार्ग, मुदती आणि कार्यालयांचे पत्ते असावेत. तो नियुक्तीच्या वेळी एकदा आणि अपघातानंतर ७ दिवसांत पुन्हा द्यावा. पोच नसेल तर दंडाची कारवाई व्हावी.

मागणी ५ : वेतनाची मर्यादा

जानेवारी २०२० पासून भरपाईच्या हिशेबात मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. याचा परिणाम आकड्यांत पाहावा. २०,००० रुपये मिळवणारा ईएसआयमधला चालक सहा महिने अंथरुणाला खिळला, तर त्याला महिन्याला सुमारे १८,००० रुपये मिळतात. २२,००० रुपये मिळवणारा, म्हणून ईएसआयबाहेरचा चालक तसाच जखमी झाला, तर १५,००० च्या २५ टक्के दराने पंधरवड्याला ३,७५०, म्हणजे महिन्याला ७,५०० रुपये मिळतात. पगार दोन हजारांनी जास्त आणि आधार निम्म्याहूनही कमी, हा न्याय नव्हे.

आमची मागणी : ही मर्यादा ईएसआयच्या वेतनमर्यादेपेक्षा कधीही कमी नसावी आणि दरवर्षी महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढावी, अशी लेखी शिफारस राज्य शासनाने केंद्राकडे करावी.

मागणी ६ : अपंगत्व नव्हे, कमाईची क्षमता मोजा

३० वर्षांच्या कामगाराचा वयाचा गुणक २०७.९८ आहे. वेतन १५,००० धरले तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाची भरपाई, वेतनाचा कायद्याने ठरलेला हिस्सा ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये होते. कमाईची क्षमता ५० टक्केच गेली असे ठरले तर ती ९,३५,९१० रुपयांवर येते. एका दाखल्यावरचा एक आकडा नऊ लाखांचा फरक पाडतो.

फोर्कलिफ्ट चालकाचा पाऊल गमावलेला पाय ब्रेकवर टिकत नाही. डॉक्टर शरीराचे अपंगत्व लिहितात. या माणसाला त्याचे काम करता येईल का, हे लिहीत नाहीत. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोपराच्या वर हात गमावलेल्या सुताराचे नुकसान शंभर टक्के मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

आमची मागणी : जिल्हा रुग्णालयांच्या दाखल्यात ‘जखमीचे मूळ काम’ आणि ‘ते काम करण्याची उरलेली क्षमता’ असे दोन रकाने असावेत. दाखला अर्जापासून ३० दिवसांत मिळावा.

मागणी ७ : तीन महिने म्हणजे तीन महिने

१९२३ च्या कायद्याच्या कलम २५-अ नुसार नुकसानभरपाई आयुक्तांनी दावा तीन महिन्यांत निकाली काढायचा आहे. रक्कम देय झाल्यापासून एक महिन्यात न दिल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास थकबाकीच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड आहे. तारखा मात्र वर्षानुवर्षे पडतात आणि दंडाचा विषय क्वचितच निघतो.

आमची मागणी : मालकाला जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी त्याने तत्काळ जमा करावी, ती कायद्यानेच देय आहे. मालकाला एकाहून अधिक तहकुबी देताना कारण नोंदवावे. प्रत्येक निकालात व्याज व दंड यांवर स्वतंत्र परिच्छेद असावा. प्रलंबित दाव्यांची जिल्हावार यादी दर तिमाहीस प्रसिद्ध करावी.

मागणी ८ : परस्पर तडजोडींना आळा

रुग्णालयाच्या खाटेवर काही हजार रुपये हातात ठेवून कोऱ्या कागदावर सही घेतली जाते. कायद्यातील हक्क सोडून देणारा करार १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार निरर्थक आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. तडजोड आयुक्तांकडे नोंदवली नसेल, तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि आधी दिलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक रक्कम, आयुक्तांनी वेगळा आदेश दिल्याशिवाय, वळती करता येत नाही.

आमची मागणी : तडजोड नोंदवताना कामगाराला त्याची पूर्ण देय रक्कम आधी लेखी दाखवावी आणि संघटनेच्या किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रतिनिधीसमोर त्याची संमती विचारावी.

मागणी ९ : जुना कायदा, नवी संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्या तारखेआधीच्या अपघातांचे जुन्या कायद्याखालचे आणि नंतरच्या अपघातांचे संहितेखालचे दावे आता शेजारीशेजारी उभे आहेत. कार्यालयांनी ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून जखमीला परत पाठवता कामा नये.

आमची मागणी : कोणत्या तारखेच्या अपघातासाठी कोणता अधिकारी, हे एका आदेशात स्पष्ट करावे. चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज तिथेच स्वीकारून ७ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा. मूळ अर्जाची तारीखच दाव्याची तारीख मानावी.

मागणी १० : केवळ चालकावर गुन्हा नको

अपघात झाला की पोलीस चालकाचे नाव लिहितात. त्याला प्रशिक्षण दिले होते का, ब्रेक व हॉर्न चालू होते का, माणसांची वाट आणि यंत्राची वाट वेगळी होती का, हे विचारले जात नाही. हेल्परला चावी देणारा सुपरवायझर साक्षीदार होतो.

आमची मागणी : गुन्ह्याच्या तपासात निरीक्षकाचा तांत्रिक अहवाल घ्यावा आणि आवाराच्या ताबेदाराची जबाबदारी तपासावी. सुरक्षेच्या कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाल्यास, दंडाच्या किमान ५० टक्के रक्कम पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, अशी तरतूद नव्या सुरक्षा संहितेत आहे. प्रत्येक खटल्यात सरकारी पक्षाने हा आदेश मागावा. तो भरपाईच्या वर असावा, तिच्या बदल्यात नव्हे.

व्यवहार्यतेबाबत

दहापैकी एकच मागणी, वेतनमर्यादेची, केंद्राच्या निर्णयावर अवलंबून आहे. उरलेल्या बहुतेक मागण्या परिपत्रक, दाखल्याचा नमुना किंवा कार्यालयीन आदेश एवढ्यानेच पूर्ण होतात. वेतनमर्यादेची मागणी सोडली, तर मालकांवरही नवा आर्थिक बोजा नाही. आम्ही मागतो ते आजही त्यांचे देणेच आहे. जो मालक अपघात कळवतो आणि वेळेत पैसे भरतो, त्याला न कळवणाऱ्याशी स्पर्धा करावी लागू नये, यात त्याचेही हित आहे.

आमच्या बाजूने आम्ही पुढील गोष्टी मान्य करतो. प्रत्येक अपघाताची लेखी सूचना संघटना ४८ तासांत देईल. सभासद प्रशिक्षणाशिवाय यंत्राची चावी घेणार नाहीत, मग सांगणारा कोणीही असो. खोटा दावा आढळल्यास संघटना त्याला पाठिंबा देणार नाही.

उत्तराची मुदत

या पत्राच्या पोचेपासून ३० दिवसांत प्रत्येक मागणीवर ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे कारणासह लेखी उत्तर मिळावे आणि चारही कार्यालयांची आमच्या प्रतिनिधींसोबत एकत्र बैठक व्हावी. ‘विचाराधीन’ हे उत्तर आम्ही अमान्य असेच समजू. मुदत संपल्यावर प्रलंबित दाव्यांची यादी जोडून उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करण्याचा ठराव कार्यकारिणीने केला आहे. त्या याचिकेला हेच मागणीपत्र आणि त्यावर आलेले किंवा न आलेले उत्तर जोडले जाईल.

आपले,
अध्यक्ष व सरचिटणीस
कार्यकारिणीच्या वतीने