भोंगा की कुंपण?

बुडणारा माणूस हात वर करून "वाचवा, वाचवा" असे ओरडतो, हे दृश्य आपण सिनेमात नेहमी पाहतो. लहान मूल बुडताना मात्र बहुधा असे काहीच घडत नाही. ओरडण्यासाठी छातीत हवा लागते आणि नाकातोंडात पाणी शिरू लागले, की मिळेल ती हवा श्वासालाच पुरत नाही. शिवाय दोन-तीन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते पाण्यावर वाकले, की तोल जातो. हे सारे इतके निमूटपणे घडते, की शेजारच्या खोलीतील माणसांनाही पत्ता लागत नाही.

मग मुलाच्या वतीने एखाद्या यंत्रानेच ओरडले तर? फ्रान्समध्ये अनेक घरांच्या अंगणात खासगी तरणतलाव असतात. तेथे ३ जानेवारी २००३ रोजी एक कायदा झाला. उघड्यावरच्या, जमिनीत बांधलेल्या प्रत्येक खासगी तलावाला कुंपण, मजबूत आच्छादन, बंदिस्त छप्पर किंवा धोक्याचा भोंगा, या चारांपैकी किमान एक साधन हवेच. नव्या तलावांना हा नियम २००४ पासून आणि सर्व जुन्या तलावांना २००६ पासून लागू झाला. तो मोडल्यास ४५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

भोंग्याची रचना मोठी गमतीची आहे. तलावाच्या काठावर एक पेटी बसवतात. तिची नळी पाण्यात बुडालेली असते. कोणी पाण्यात पडले, की पृष्ठभागाखाली लाट उठते, नळीतील हवेचा दाब बदलतो आणि भोंगा वाजू लागतो. वाऱ्याने उठणारे तरंग आणि पडण्याने उठणारी लाट यांतील फरक आतील इलेक्ट्रॉनिक मंडल ओळखते.

यंत्र हुशार आहे, यात शंका नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे, की या चार साधनांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. का, ते पाहा. भोंगा वाजतो तेव्हा मूल पाण्यात पडलेले असते! त्यानंतर कोणी तरी तो ऐकायला हवा, धावत यायला हवे, मुलाला बाहेर काढायला हवे. प्राणवायू मिळाला नाही, तर चार-सहा मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. घरात कोणी नसेल, तर भोंगा कोणासाठी वाजणार? मूल पायऱ्यांवरून हळूच पाण्यात उतरले, तर मोठी लाट उठणार नाही. आणि भोंगा उगाचच वाजू लागला, तर माणसे कंटाळून तो बंदच करून ठेवतात.

कुंपणाचे तसे नाही. ते मुलाला पाण्यापर्यंत पोचूच देत नाही. ऑस्ट्रेलियात तलावाभोवतीचे कुंपण साधारणपणे किमान १.२ मीटर उंच असावे लागते. त्याचे फाटक आपोआप मिटते, कडीही आपोआप लागते. तेथे माणसाच्या विसराळूपणाचा विचार आधीच केलेला आहे. म्हणून कायद्याने कुंपण आधी मागावे आणि भोंगा त्याच्या जोडीला ठेवावा. मात्र फाटकाला दगड लावून ते उघडे ठेवले, तर कुंपणही निरुपयोगी ठरेल. आणि मुलावर मोठ्यांची नजर तर हवीच.

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे कुठे आहे तरणतलाव?" खरे आहे. पण विहीर, शेततळे, हौद, पाण्याने भरलेली बादली तर आहे ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. यांतले बहुतेक मृत्यू श्रीमंतांच्या तलावांत नव्हे, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. धाकट्या भावंडाच्या उंचीवर खाली बसा आणि घराभोवती नजर फिरवा. उघडे पाणी कुठे कुठे दिसते, त्याची यादी करा आणि ती मोठ्यांना दाखवा. हौदावर घट्ट झाकण, विहिरीला कठडा व जाळी, शेततळ्याला कुंपण आणि वापरून झालेली बादली पालथी, या साध्या उपायांना वीज लागत नाही, आणि ते मूल पाण्यात पडण्याची वाटही पाहत नाहीत.