चावी फिरवायची घाई नको!

दोस्तहो, अलिबागहून खाली नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूडपर्यंत कधी सायकलवर हिंडलात, तर एक दृश्य तुम्हाला हमखास दिसेल. नारळी-पोफळीच्या वाडीत एखादं बंद घर असतं. त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर नुसत्या ताडपत्रीखाली, एक मोटार. टायर बसलेले, काचेवर झावळीचा कचरा. बहुतेक वेळा ती फियाट किंवा अ‍ॅम्बॅसडर असते. पण क्वचित ताडपत्रीचा आकार वेगळाच दिसतो. बुटका, लांब नाकाचा, आत दोघंच बसतील एवढा. तिथे सायकल थांबवा. ती स्पोर्ट्स कार असू शकते!

आता समजा, मालक काकांनी ताडपत्री काढायची परवानगी दिली. पुढे काय होतं ते मी तुम्हाला न बघता सांगतो. जमलेल्या दहाजणांपैकी नऊजण म्हणतात, “चावी कुठाय? नवी बॅटरी लावू, सेल्फ मारू, बघू चालू होते का!”

थांबा. या एका उत्साहापायी कितीतरी चांगली इंजिनं कायमची मेली आहेत. का, ते समजायचं तर आधी या किनाऱ्यावरची हवा काय करते ते बघू.

लोखंड गंजायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायू. हे तुम्ही शाळेत शिकला आहात. समुद्राकाठी तिसरा एक भिडू येतो, मीठ. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि प्रत्येक वस्तूवर बसतात. मिठाचा स्वभाव तुम्हाला पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीवरून माहीत आहेच. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे पाऊस नसतानाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा अगदी पातळ थर राहतो, आणि खाऱ्या पाण्यात गंजण्याची क्रिया जोरात चालते. वर ताडपत्री असली की आतला दमटपणा बाहेरच पडत नाही. घट्ट बांधलेली ताडपत्री म्हणजे गाडीला दिलेलं ओलं पांघरूणच! त्यात स्पोर्ट्स कार जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. मातीतली ओल थेट तिच्या पोटाला लागते.

याचा प्रयोग घरी करता येईल. लोखंडाचे चार खिळे घ्या, पण साधे. चकचकीत मुलामा दिलेले नकोत. एक खिळा कोरड्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. दुसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवून. तिसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून. चौथ्यासाठी आईला किंवा बाबांना पाणी चांगलं उकळून द्यायला सांगा, म्हणजे त्यातली विरघळलेली हवा निघून जाईल. ते बाटलीत भरून खिळा पूर्ण बुडवा आणि वर गोडेतेलाचा जाडसर थर ओता. आठ दिवस रोज बघा आणि वहीत लिहा. चौथा खिळा विसरू नका हं, त्याचं काम पुढे आहे.

आता इंजिनाकडे वळू. इंजिनाच्या पोटात लोखंडी नळकांडी असतात आणि त्यांत दट्टे वरखाली होतात. दट्ट्याभोवती कड्या बसवलेल्या असतात. त्यांना रिंगा म्हणतात. त्या नळकांड्याच्या भिंतीला घासून चालतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की मधलं तेल ओघळून खाली जातं, ओलावा शिरतो आणि रिंग भिंतीला गंजाने चिकटून बसते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो पाचरीसारखा आवळतो. अशा वेळी कुणी सेल्फ मारला की काय होईल? एकतर काहीच हलणार नाही, किंवा हलेल आणि रिंग तुटेल, भिंतीवर चरे पडतील. झडपा अडकलेल्या असतील तर दट्टा त्यांच्यावर आपटून त्या वाकतील. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. वीस वर्षांत गंजाला जे जमलं नाही ते चावीने करून दाखवलं!

म्हणून जाणता मेकॅनिक आधी प्लग काढतो. प्रत्येक भोकातून थोडं तेल आत सोडतो आणि चक्क घरी जातो. एक दिवस, चार दिवस, कधी पंधरा दिवस. मग गिअर न्यूट्रलला ठेवून, इंजिनाच्या पुढच्या मोठ्या नटाला पाना लावून, हाताने हळूच फिरवून बघतो. हात लावला की अडकलेलं कळतं, सेल्फला ते कळत नाही. हललं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा वाट.

गंमत म्हणजे हे शहाणपण या किनाऱ्याला नवं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून वर घेतात, शाकारतात, बुडाला चिकटलेलं खरवडतात, रंग देतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास दर्यावर जायचं असतं, तेव्हा कोळीवाड्यात कुणी थेट इंजिन सुरू करत नाही. आधी तेल, नळ्या, पंखा सगळं तपासतात. फरक इतकाच की होडीला विश्रांती ठरवून दिलेली असते. मोटार मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत म्हणत सोडून दिलेली असते.

इंजिन मोकळं झालं? छान. तरीही चालू करायचं नाही! आधी टाकी. शिळ्या पेट्रोलला व्हार्निशसारखा उग्र वास येतो. त्याचा चिकट डिंक होतो आणि कार्बुरेटरची सुईसारखी भोकं बुजवतो. (हे काम उघड्यावर, मोठ्यांनीच करायचं. आसपास काडी नाही, उदबत्तीसुद्धा नाही.) शिवाय पेट्रोल बदललंय ना! भारतात २००० सालापर्यंत शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या प्रकारचं रबर खराब करतं. त्यामुळे इंधनाच्या रबरी नळ्या वरून धडधाकट दिसल्या तरी बदलायच्याच.

मग ब्रेक. माझं मत विचाराल तर इंजिनाआधी ब्रेक. जी गाडी थांबत नाही ती चालू करून करायचं काय? ब्रेकच्या नळ्यांतलं तेलही हवेतलं पाणी शोषून घेतं आणि आतून गंज चढवतं. पायाखालचं पॅडल मस्त कडक लागेल, आणि पहिल्या उतारावर जुनी नळी फुटेल. आईबाबांनो, हे खास तुमच्यासाठी. गाडी वाडीतल्या वाडीत दहा पावलं न्यायची असली तरी ब्रेक आधी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही.

टायरचं काम तुमच्याकडे. टायरच्या कडेला अक्षरांच्या रांगेत शेवटी चार आकडे शोधा. ३५०४ लिहिलं असेल तर तो टायर २००४ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला. तीनच आकडे असतील तर तो २००० च्या आधीचा! नक्षी कितीही नवी दिसो, इतक्या जुन्या टायरवर रस्त्यावर जायचं नाही.

दुसरं काम लोहचुंबकाचं. फ्रिजवर लावतात तसला एक चुंबक मऊ फडक्यात गुंडाळा आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवा. जिथे तो पकड सोडेल तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टीचा थर आहे. म्हणजे कुणीतरी पूर्वी गंज झाकून ठेवलाय. चाकांच्या वरची कमान आणि दारांच्या खालची कड आधी बघा.

आणि चुंबक कुठेच चिकटला नाही तर? तर तुम्हाला कदाचित खजिना सापडलाय. बंगळूरच्या सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, कापडी टपाची गाडी काढली होती. तिचं अंग फायबरग्लासचं. इंजिन रेनॉल्टचं, ११४९ सीसी, साधारण ६० अश्वशक्तीचं. आजच्या मानाने चिमुकलं. पण गाडीच हलकी, त्यामुळे मजा यायची. फारशा खपल्या नाहीत. फायबरला गंज चढत नाही हे खरं, पण त्यामुळेच फसायला होतं. वरून गाडी लखलखीत, आणि खाली स्प्रिंगा, नळ्या, नटबोल्ट मात्र लोखंडाचेच. म्हणून किनाऱ्यावरची गाडी नेहमी खालून बघायची.

एवढं करून पुढचा प्रश्न उरतोच. गाडी पुन्हा नवी करायची की आहे तशी जपायची? इथे तुमचा चौथा खिळा आठवा. तो गंजला नसणार, कारण त्याला हवाच मिळाली नाही. अगदी हेच स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या माज्जोरे तळ्यात घडलं. १९२५ सालची एक बुगाटी ब्रेशिया ही स्पोर्ट्स कार १९३० च्या दशकात तिथे बुडवली गेली. सात दशकांहून जास्त काळ ती पन्नास मीटरहून खोल पडून होती. २००९ च्या जुलैत तिला वर काढलं, तेव्हा गाळात रुतलेली बाजू उघड्या बाजूपेक्षा बरीच चांगली निघाली! जानेवारी २०१० मध्ये लिलावात तिला सुमारे २ लाख ६० हजार युरो मिळाले. ती घेणाऱ्या पीटर मलिन या अमेरिकन संग्राहकाने तिला रंग लावला नाही, इंजिन बसवलं नाही. त्याच्या संग्रहालयात ती चोळामोळा झालेल्या अवस्थेतच मांडली होती.

वाडीतली गाडी काही बुगाटी नसते. तरी काही काढून टाकण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढा, नटबोल्ट डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवा. मूळचा एक पितळी बुश फेकला तर मुंबईच्या चोरबाजारात हिंडावं लागतं, नाहीतर लेथवर नवा करून घ्यावा लागतो. मापाला जुना नसेल तर लेथवालाही हात वर करतो.

कागदपत्रंही शोधा. नंबर प्लेटवर एमएच नसेल तर गाडी १९८९ च्या आधीची असू शकते. जिल्ह्याच्या जागी ‘कुलाबा’ दिसलं तर चक्रावू नका. रायगडचं नाव १९८१ पर्यंत तेच होतं. आणि पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील, गाडी मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळू शकतो. त्या गाड्या रोज बाजारात न्यायच्या नसतात, प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायच्या असतात. सॅन स्टॉर्मवाल्यांना मात्र २०४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत थांबावं लागेल!

बरं, सगळं झालं. तेल नवं, पेट्रोल नवं, नळ्या नव्या, ब्रेक पक्के. आता चावी. पण प्लग अजून बाहेरच ठेवा आणि सेल्फ थोडा थोडाच मारा, तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत. तेल वरपर्यंत चढलं की दिवा विझतो. मग प्लग बसवायचे. पहिल्यांदा निळसर-पांढरा धूर येईल. तुम्ही आत सोडलेलं तेल जळतंय, घाबरू नका. फक्त शेडचं दार उघडं ठेवा आणि मागे कुणाला उभं करू नका. उंदराचं घरटं सायलेन्सरमध्ये असलं तर ते तिथूनच बाहेर येतं.